कपोनाकान म्हणजे किती जण?

योग्याकार्ता शहरात उतरल्यावर निदान एक शब्द अर्थासकट वाचता आलेली पहिली पाटी एका गल्लीतल्या फाटकावर लटकत होती. रोमन लिपीत तीन शब्द : 'तरिमा कोस पुत्री'. पहिले दोन कळले नाहीत, तिसरा मात्र थेट आपल्याच घरातला निघाला. 'मुलींसाठी खोल्या मिळतील' असा त्या पाटीचा अर्थ. कोस हा डचांच्या काळापासून राहिलेला शब्द. पैसे देऊन कुणाच्या घरी राहायचं, ते कोस. आत चौदा खोल्या होत्या, चौदा मुली राहत होत्या, आणि पाटीवर पुत्री एकच. मला वाटलं, रंगवणाऱ्याने जागा वाचवली असेल.

मी मिरजेची. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारात लहानाची मोठी झाले. गामेलान वाद्यवृंद शिकायचा म्हणून इंडोनेशिया सरकारच्या 'दार्मासिस्वा' शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी जावा बेटावर गेले. नावातला 'दार्मा' म्हणजे धर्म आणि 'सिस्वा' म्हणजे शिष्य. वाद्यं शिकवणारे गुरुजी इंग्रजी बोलत नसत, त्यामुळे आधी भाषेचा वर्ग लावावा लागला. भाषेच्या वर्गात पहिला मोठा धडा असतो कुटुंबाचा, आणि मी त्याच धड्यात सगळ्यात जास्त काळ रेंगाळले. बाकीचे पुढे हवामान, बाजार, बसस्टँड करत गेले तरी माझी कुटुंबाची पानं वाढतच राहिली.

वही मी देवनागरीत ठेवली. रोमन लिपीत इंडोनेशियन लोक एकाच 'ई' अक्षराने दोन उच्चार लिहितात, एक आपल्या 'ए'सारखा आणि दुसरा आपल्या 'अ'सारखा. कुठे कोणता, ते अक्षरावरून कळत नाही. देवनागरीत दोन्हींची सोय आहे. 'नेनेक' म्हणजे आजी, इथे दोन्ही ए. 'बलुम' म्हणजे अजून नाही, इथे अ. वर्गातल्या हंगेरियन मुलाने माझी वही पाहिली तेव्हा त्याला ती गुप्त लिपी वाटली, पण माझे उच्चार मात्र लवकर सुधारले.

पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर 'कलुआर्गा' लिहिलं. कुटुंब. कुल आणि वर्ग, दोन्ही आपलेच. खाली 'सुआमी', नवरा. 'इस्त्री', बायको. मग 'पुत्रा', 'पुत्री', 'सौदारा'. सौदारा म्हणजे सोदर, एका उदरातलं, भावंड. जपानच्या दोन मुली एकेक शब्द घोकत होत्या आणि मी नुसती आनंदाने बघत बसले होते. दुसऱ्याच दिवशी 'काल मी काय पाहिलं' यावर चार वाक्यं बोलायची होती. मी बेरिंगहार्जोच्या मोठ्या बाजारात जाऊन आले होते, म्हणून म्हटलं, ''दि पासार बान्याक इस्त्री.'' बाजारात खूप बायका होत्या. बाईंनी शांतपणे विचारलं, ''कुणाच्या?''

मराठीत 'बायका' म्हटलं की बाईचंही अनेकवचन होतं आणि बायकोचंही, संदर्भाने भागतं. इंडोनेशियनमध्ये इस्त्री म्हणजे फक्त बायको, लग्नाची. बाईमाणसाला 'परम्पुआन' म्हणायचं. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून गेले, तिथे हजारभर वर्षं राहिले, आणि त्यांनी आपापला संसार मांडला. 'चिंता' हा शब्द तिकडे गेला आणि त्याचा अर्थ झाला प्रेम. हे कळलं त्या दिवशी मी आईला फोन केला होता आणि तिने नेहमीप्रमाणे आधी विचारलं, जेवलीस का. मला तो प्रवास अजिबात चुकीचा वाटला नाही. पण त्या दिवसापासून ओळखीच्या शब्दांवर विसंबणं मी सोडलं.

खरी अडचण भावंडांपाशी आली. मला एक थोरला भाऊ आणि एक धाकटी बहीण. भाऊ आणि बहीण यांना शब्द काय, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, शब्द आहेत 'काकाक' आणि 'आदिक'. काकाक म्हणजे आपल्याहून मोठं भावंड, आदिक म्हणजे लहान. काकाक हा दादा असेल किंवा ताई असेल, ते शब्दात नाही. कुणाला जाणून घ्यायचं असेल तर तो विचारतो, ''लाकी-लाकी आताउ परम्पुआन?'' मुलगा की मुलगी? मराठीत मी 'माझा भाऊ' म्हटलं तर तो थोरला की धाकटा हे न सांगता आयुष्य काढू शकते, पण तो पुरुष आहे हे लपवू शकत नाही. इथे नेमकं उलटं. वय सांगितल्याशिवाय सुटका नाही, बाकी नंतर. जुळ्यांमध्येसुद्धा कोण आधी जन्मलं ते पाहून काकाक आणि आदिक ठरतात.

त्यातून आणखी एक गोंधळ झाला. कोसच्या मालकीणबाईंना आम्ही सगळ्या 'इबु' म्हणायचो. इबु म्हणजे आई, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मारायची हाकही तीच. एका संध्याकाळी अंगणात बसून मी मिरजेला व्हिडिओ कॉल करत होते. समोर माझे मामा आले, मिशीवाले, चांगले पंचावन्न वर्षांचे, आणि मी जोरात ''मामा!'' म्हणाले. इबुंनी वाकून पडद्यात पाहिलं. इंडोनेशियनमध्ये 'मामा' म्हणजे आई. मग काका आले, त्यांना ''काका'' म्हटलं. आता काकाक या शब्दातला शेवटचा 'क' ते लोक घशातच अडवतात, तो जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे इबुंच्या दृष्टीने मी मिशीवाल्या गृहस्थांना आई म्हणाले आणि टक्कल पडलेल्या दुसऱ्या गृहस्थांना माझं थोरलं भावंड. फोन ठेवल्यावर त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, तेव्हा मी वहीत झाड काढून दाखवलं. हे आईचे भाऊ, हे वडिलांचे भाऊ, ही मावशी, ही आत्या.

त्या म्हणाल्या, एवढे शब्द कशाला? आमच्याकडे 'पामान' आणि 'बिबी', झालं. शहरात तर 'ओम' आणि 'तान्ते', तेही डचांकडून आलेले. मला खरोखर वाईट वाटलं. मामाचं घर आणि काकांचं घर ही माझ्या लहानपणीची दोन वेगळी जगं होती, सुट्टी वेगळी, जेवण वेगळं, शिस्तही वेगळी. ती दोन्ही एका शब्दात कशी मावणार?

पण इबु जावानीज. इंडोनेशियन ही त्यांची देशाची भाषा, घरातली भाषा दुसरी. त्यांनीच थोड्या वेळाने पेन मागून घेतलं आणि माझ्या झाडावर नवी नावं लिहायला घेतली. 'पाक्डे', 'बुडे', 'पाकलिक', 'बुलिक'. जावानीजमध्ये 'गडे' म्हणजे मोठा, 'चिलिक' म्हणजे लहान. बापाक म्हणजे वडील. बापाक गडे, तो पाक्डे. इबु गडे, ती बुडे. आई किंवा वडिलांहून जे मोठे ते पाक्डे-बुडे, जे लहान ते पाकलिक-बुलिक. बाजू कुठली, आईची की बापाची, याला महत्त्व नाही. माझ्या दोन मामांपैकी एक आईहून मोठे आणि एक लहान. मराठीत दोघंही मामा, जावानीजमध्ये एक पाक्डे आणि दुसरा पाकलिक. आपण घर कोणतं ते सांगतो, ते रांगेत कोण कुठे उभं आहे ते सांगतात. त्या रात्री मी अख्ख्या खानदानाची पुन्हा मांडणी केली आणि तीन ठिकाणी अडले, कारण आत्या मोठी की बाबा मोठे हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांना विचारलं. आत्या दोन वर्षांनी मोठी निघाली. इतकी वर्षं मी तिला पाहत होते आणि हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आता अनेकवचनाकडे येते, कारण चौदा पुत्रींचं कोडं तिथे सुटलं.

पुस्तकात नियम एका ओळीत होता : शब्द दोनदा म्हटला की अनेकवचन. आनाक म्हणजे मूल, आनाक-आनाक म्हणजे मुलं. मला तो नियम इतका आवडला की मी दिसेल ते दोनदा म्हणू लागले. मराठीत मुलगा-मुलगे, मुलगी-मुली, मूल-मुलं, बहीण-बहिणी, सासू-सासवा, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. इथे एकच युक्ती, सगळ्यांना लागू. 'माझं कुटुंब' या निबंधात मी लिहिलं की काकांना तीन मुलं आहेत, 'तिगा आनाक-आनाक'. बाईंनी दुसऱ्या आनाकवर काट मारली आणि समासात लिहिलं, ''तीन सांगून झालं आहे.''

आकडा आला की शब्द एकटाच राहतो. दुआ आनाक, तिगा आनाक, बान्याक आनाक म्हणजे पुष्कळ मुलं. पाहिजे तर मध्ये मोजमापाचा शब्द घालायचा, माणसांना 'ओरांग', जनावरांना 'एकोर', वस्तूंना 'बुआह'. तिगा ओरांग आनाक, आपल्या 'तीन जण'सारखं. एकोर म्हणजे खरं तर शेपूट आणि बुआह म्हणजे फळ. इबु कोंबड्या शेपटीवर मोजत, लिमा एकोर आयाम, पाच शेपट्या कोंबड्या.

हा नियम डोक्यात पक्का बसला तो मात्र बापाकांमुळे, म्हणजे कोसच्या मालकांमुळे. त्यांनी कपाटातून ॲल्युमिनियमचं एक जुनं पाच रुपियाचं नाणं काढून दाखवलं. त्यावर नवरा, बायको आणि दोन मुलं, आणि भोवती कुटुंबनियोजनाचे शब्द, 'कलुआर्गा बरन्चाना'. १९७० साली तिकडे कुटुंबनियोजनाचं राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं आणि पुढे त्याची घोषणा देशभर भिंतींवर रंगवली गेली : 'दुआ आनाक चुकुप'. दोन मुलं पुरेत. आपल्याकडच्या 'हम दो, हमारे दो'ची ही सख्खी बहीण. बापाक म्हणाले, सगळ्या देशाने वाचलेलं वाक्य आहे, यात आनाक दोनदा असतं का? नंतर मी कधीच चुकले नाही. दुआ म्हणताना जीभ आपोआप पुढे 'आनाक चुकुप' म्हणायला तयार असायची.

पण त्याहून अवघड भाग वेगळाच होता. आकडा नसतानासुद्धा शब्द दोनदा म्हणायची सक्ती नाही. अनेक आहेत हे समोरच्याला माहीत असेल, किंवा माहीत असण्याची गरज नसेल, तर एकटा शब्द पुरतो. हे मला शनिवारी कळलं, ज्या दिवशी सोलोहून कपोनाकान आला. की आले.

इबु आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, ''बेसोक कपोनाकान साया दातांग दारी सोलो.'' उद्या सोलोहून माझा कपोनाकान येतोय. कपोनाकान म्हणजे भावंडाचं मूल. मी मनात एक शाळकरी मुलगा उभा केला. कुठून आला तो कोण जाणे, वाक्यात तर नव्हता. त्याच्यासाठी रंगीत खडूंची पेटी आणली आणि कागद बांधून ठेवली. सोलो तिथून साठेक किलोमीटर, लोकलने तासाभराचं अंतर. दुपारी फाटकातून चौघं आत आली. पहिली कॉलेजात जाणारी मुलगी. मागून दोन उंच मुलं, एकाच्या हातात हेल्मेट. आणि शेवटी एक चाळिशीचे गृहस्थ, डोक्याला काळी टोपी, कडेवर स्वतःचं बाळ. हे सगळे मिळून 'कपोनाकान'.

मराठीत त्या एका शब्दासाठी मला भाचा, भाची, पुतण्या, पुतणी यांतून निवड करावी लागली असती, वर भाचे की भाचा तेही ठरवावं लागलं असतं, आणि नुसत्या 'येतोय', 'येतेय', 'येताहेत'वरूनच सगळं फुटलं असतं. इंडोनेशियन क्रियापद तसंच राहतं. 'दातांग' म्हणजे येणं. कोण, किती, बाई की पुरुष, कशाचाच त्यावर परिणाम होत नाही. इबुंनी काहीही लपवलं नव्हतं. त्यांच्या घरी येणारे चौघं आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला विचारायचं सुचलं नाही एवढंच. खडूंची पेटी त्या बाळाच्या हातात गेली आणि पहिला निळा खडू त्याने तोंडात घातला.

त्यानंतर मी विचारू लागले. 'बरापा ओरांग?' किती जण? हा माझा सगळ्यात जास्त वापरलेला प्रश्न ठरला.

मग हळूहळू आपलीच भाषा वेगळी दिसायला लागली. एक भाऊ, दोन भाऊ. एक मित्र, चार मित्र. एक देव, तेहतीस कोटी देव. इथे मराठीतही शब्द हलत नाही, आकडाच काम करतो, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. 'आम्ही तिघं भावंडं' हे तर इंडोनेशियनमध्ये जसंच्या तसं आहे : 'कामी तिगा बरसौदारा'. स्वतःला धरून तीन. वर्गातला हंगेरियन मुलगा स्वतःला वगळून मोजायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्या घरातलं एक माणूस कमी व्हायचं. दोघं मिळून गेलो याला 'बरदुआ', तिघं मिळून याला 'बरतिगा'. दोघं, तिघं, चौघं असे माणसांसाठी वेगळे शब्द आपल्याकडे आहेत म्हणून मला ते लगेच जमलं.

शब्द दोनदा म्हणायची सवयसुद्धा आपल्याला आहे, फक्त आपण ती व्याकरणात मोजत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी इबुंकडे 'आरिसान' असायचं. आरिसान म्हणजे आपली भिशी. दर महिन्याला पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, एकीला सगळी रक्कम, बाकीच्यांना खाणं आणि गप्पा. गल्लीतल्या पंचवीस-तीस जणी येत, आणि दारातून कुणीही आलं की सगळ्यांना उद्देशून म्हणे, ''इबु-इबु!'' पुस्तकात त्याचा अर्थ 'आया' असा होता. तो मला कधीच पटला नाही. मराठीत तो आहे 'बायकाबायका'. आम्ही बायकाबायका जमलो होतो, या वाक्यातला जो मोकळेपणा, जी पुरुषांना दाराबाहेर ठेवणारी सलगी, तीच इबु-इबुमध्ये आहे. नुसतं अनेकवचन म्हणून शिकवलं तर त्यातलं निम्मं हाती लागत नाही. लेखी निमंत्रणावर मात्र 'पारा इबु' असतं. पारा म्हणजे समस्त. तो लावला की इबु एकदाच. समस्त भगिनी आणि बायकाबायका यांतला हा फरक.

विशेषणाचंही तसंच. इबुंनी शेजारणीबद्दल सांगितलं, ''आनाक्न्या सुदाह बसार-बसार.'' तिची मुलं मोठी मोठी झालीत. आनाक एकदा, 'बसार' म्हणजे मोठं हे दोनदा, आणि त्यावरूनच कळतं की मुलं एकाहून जास्त. मोठी मोठी झाडं, लहान लहान मुलं म्हणताना आपण काय करतो? मी त्या वाक्याखाली तीन रेघा ओढल्या.

सगळंच दोनदा म्हटलेलं मात्र अनेक नसतं. 'लाकी-लाकी' हा पुरुष एकटाच असतो. 'कुपु-कुपु' हे एक फुलपाखरू. 'हाती' म्हणजे काळीज, 'हाती-हाती' म्हणजे सांभाळून. 'लांगित' आभाळ, 'लांगित-लांगित' घराचं छत, तोंडातली टाळूसुद्धा. आजोबांचे डोळे अधू झालेत असं मी निबंधात लिहिलं होतं, आणि डोळा म्हणजे 'माता' असल्याने डोळ्यांना माता-माता केलं. माता-माता म्हणजे हेर. माझ्या आजोबांचा हेर अशक्त आहे, असं ते वाक्य झालं. डोळे दोन आहेत हे सगळ्या जगाला माहीत आहे, बाई म्हणाल्या, नुसतं माता लिही.

फ्रिजवर इबुंच्या हस्ताक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली असायची, दिवे बंद करण्याबद्दल. तिची सुरुवात 'आनाक२ कोस' अशी होती. मी महिनाभर ती 'कोसमधल्या दोन मुलींना' अशी वाचली आणि त्या दोघी कोण असतील याचा विचार करत राहिले. हा २ म्हणजे 'मागचा शब्द पुन्हा म्हणा'. आनाक-आनाक. १९४७च्या लेखननियमांत अशी मुभा होती. १९७२च्या सुधारणेने ती काढून घेतली आणि मध्ये आडवी रेघ देऊन शब्द पूर्ण लिहायला सांगितलं. छापील मजकुरातून तो २ गेला, चिठ्ठीतून आणि फोनवरच्या निरोपातून गेला नाही. आमच्या आजीच्या भजनाच्या वहीत ओळीपुढे कंसात २ असतो, तो हाच.

वर्गात मी सगळ्यात पुढे होते अशी एकच जागा होती. बाई म्हणाल्या, आजचा विषय परदेशी लोकांना महिनोन्‌महिने जमत नाही, 'आम्ही'साठी इंडोनेशियनमध्ये दोन शब्द आहेत, 'कामी' आणि 'किता'. समोरचा माणूस त्यात नसेल तर कामी, असेल तर किता. हंगेरियन आणि जपानी मुलांनी डोकं धरलं. मी वहीत लिहिलं : कामी = आम्ही, किता = आपण. संपलं. मूल एक की चार हे सांगायची जी भाषा सक्ती करत नाही, ती आपल्यातलं कोण आणि बाहेरचं कोण हे मात्र प्रत्येक वाक्यात विचारते. माझ्या मते हेच त्या भाषेचं मर्म आहे, आणि मराठी माणसाला ते आयतं मिळतं.

त्याची किंमत मला एप्रिलमध्ये कळली. २०२४ सालची लबारान, म्हणजे ईद, १० एप्रिलला होती. आठवडाभर आधीपासून अख्खं जावा आपापल्या गावी निघतं. कोस रिकामं झालं. इबुंचं माहेर क्लातेनजवळच्या एका खेड्यात. मार्चभर त्या म्हणत होत्या, ''कामी पुलांग क क्लातेन.'' आम्ही क्लातेनला घरी जाणार. मी ऐकत होते, ते योग्यच होतं. उपवासाच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी उपास सोडताना चहाचा पेला माझ्यापुढे सरकवत त्या बापाकांशी बोलल्यासारखं म्हणाल्या, ''हारी सलासा किता पुलांग.'' मंगळवारी आपण घरी जाऊ. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाक्य बदललं आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

क्लातेनच्या घरात सकाळच्या नमाजानंतर सगळे ओळीत बसले. 'म्बाह', म्हणजे इबुंची आई, खुर्चीवर. मुलं, सुना, जावई, नातवंडं एकेक करून गुडघ्यांवर येऊन त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून वर्षभरातल्या चुकांची माफी मागत होती. याला 'सुंगकम' म्हणतात. मीही टेकवलं, पाया पडायची सवय असल्याने गुडघे अवघडले नाहीत. मग ताटात कतुपात, म्हणजे विणलेल्या माडाच्या पात्यांत शिजवलेला भात, आणि नारळाच्या दुधातली कोंबडी. तिथेच मला 'बेसान' भेटले. इबुंच्या थोरल्या मुलीचे सासू-सासरे भेटायला आले होते आणि इबुंनी ओळख करून दिली, ''इनी बेसान साया.'' आपल्याकडे व्याही आणि विहीण असे दोन शब्द, तिकडे दोघांना मिळून एक. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, त्यामुळे माझ्या इंग्रजी-इंडोनेशियन पुस्तकात तो धडा आलाच नव्हता. विहीणबाईंनी फणसाची भाजी आणली होती आणि इबु तिची जरा जास्तच स्तुती करत होत्या. तेवढ्यावरून मला नातं पूर्ण समजलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एका आठ वर्षांच्या मुलीला पाहत होते. इबुंचा मुलगा पंचवीस वर्षांचा, नोकरी करणारा. तो तिला 'म्बाक' म्हणत होता. म्बाक म्हणजे ताई. आधी वाटलं लाडाने म्हणतोय. पण ती इबुंच्या थोरल्या भावाची मुलगी, आणि जावानीज घरात थोरल्याची मुलं धाकट्याच्या मुलांची ताई-दादा ठरतात, वय काही असो. या पायरीला 'आवु' म्हणतात. ती मुलगी अगदी सहज त्याला भात आणून द्यायला सांगत होती आणि तो देत होता. आपल्याकडे भाच्याहून लहान मामा असतो, पण आपण त्याला नावाने हाक मारून मोकळे होतो.

जुलैमध्ये मी निघायच्या आधी आईने इबुंशी बोलायचं ठरवलं. तोवर फोनवर नुसतं हसून नमस्कार व्हायचे. मी मध्ये बसले. इबुंनी आधी मला विचारलं, आईचं वय काय? छपन्न. इबु बावन्न. ''मग मी बुलिक,'' त्या मला म्हणाल्या. मी आईला सांगितलं, की त्या तुझ्याहून लहान, म्हणून माझी धाकटी मावशी. आई म्हणाली, ''मावशीच की. आणखी कोण?'' मग इबु पडद्याकडे वळल्या आणि आईला म्हणाल्या, ''म्बाक.''

''काय म्हणाल्या?''

''ताई म्हणाल्या तुला.''

आई काही बोलली नाही. मग वर्षभर माझ्याकडून ऐकलेल्या शब्दांतला एक तिने शोधून काढला आणि मोठ्याने, जरा थांबत, विचारलं, ''आनाक... किती?''

''आनाक साया दुआ,'' इबु म्हणाल्या.

दुआ म्हणजे किती, ते आईला सांगावं लागलं नाही.